लाकडी फरशी घेण्याआधी

पुण्यामुंबईतल्या फ्लोअरिंगच्या दुकानात ‘वुडन फ्लोअरिंग दाखवा’ म्हटलं की काउंटरवर तीन वेगळ्या जातींच्या फळ्या येतात. वरून पाहिलं तर तिन्ही ओकच्या किंवा सागाच्याच वाटतात, पण खरी लाकडाची त्यांतली एकच असते. ती कोणती हे कळायचं तर फळी उभी धरून तिची कड बघावी लागते. रंग, पडदे, सोफा यांच्या गडबडीत नेमकं तेवढंच राहून जातं.

कडेवर दाबून बसवलेल्या भुशासारखा तपकिरी, एकसंध थर दिसला तर ते लॅमिनेट. लाकडाच्या तंतूंचा दाबून केलेला बोर्ड, त्यावर लाकडाचं चित्र छापलेला कागद आणि वर पारदर्शक कडक लेप, एवढंच त्यात असतं. साध्या लॅमिनेटच्या सांध्यात पाणी गेलं की कड फुगते आणि फुगलेली कड पुन्हा खाली बसत नाही. रोज पाण्यानं पुसल्या जाणाऱ्या घराला ते चालत नाही, म्हणून ते इथेच बाजूला ठेवू. खरी निवड उरते ती दोघांत: विनाइलची फळी आणि इंजिनिअर्ड वूड.

विनाइल म्हणजे पीव्हीसी. १९२६ साली अमेरिकेत बी. एफ. गुडरिच या टायर बनवणाऱ्या कंपनीत वॉल्डो सेमन या रसायनतज्ज्ञानं कडक, कामास अवघड अशा पीव्हीसीला लवचीक करायची रीत शोधली. पुढे विनाइलच्या फरशा आल्या त्या या शोधाच्या जोरावर. भाड्याच्या खोल्यांत अंथरलेले विनाइलचे गुंडाळे अनेकांनी पाहिले असतील. आज दुकानात दिसणारी फळी त्याच घराण्यातली आहे, पण बरीच वेगळी. तिचा गाभा चुनखडीची भुकटी आणि पीव्हीसी यांचा असतो, आणि त्यात भुकटीच निम्म्याहून जास्त. दुकानदार हिला एसपीसी म्हणतात. कड राखाडी, दगडासारखी दिसते आणि फळी हातात घेतली की वजन जाणवतं. गाभ्यावर लाकडाचा छापील फोटो, त्यावर झीज सोसणारा पारदर्शक थर आणि खाली बहुधा फोमची पातळ पट्टी. सगळं मिळून जाडी चार ते सहा मिलिमीटर.

इंजिनिअर्ड वूडची कड पाहिली की प्लायवूड आठवतं, आणि ते खरंच प्लायवूडचं भावंड आहे. खाली लाकडाचे पातळ थर एकमेकांना आडवे-उभे चिकटवलेले, आणि सर्वांत वर खऱ्या ओकचा, सागाचा किंवा अक्रोडाचा पापुद्रा. वरच्या पापुद्र्याच्या रेषा कडेवरूनही खाली उतरताना दिसतात. छापील फळीत तसं होत नाही, तिथे चित्र कडेपाशी संपतं. आणखी एक खूण म्हणजे आठ-दहा फळ्या शेजारी मांडून बघाव्यात. विनाइलमध्ये एखादी ठळक गाठ काही फळ्यांनंतर जशीच्या तशी पुन्हा भेटते. झाडात दोन गाठी सारख्या नसतात.

दिसण्याचा प्रश्न इथेच संपतो, कारण चांगल्या प्रतीचं विनाइल आता इतकं हुबेहूब छापतात की पाहुण्यांना फरक कळत नाही. निवड ठरते ती आपलं घर वर्षभरात कोणकोणत्या हवेतून जातं, त्याची फरशी कशी पुसली जाते आणि नव्या फळ्यांच्या खाली काय आहे, यावर. दुकानातल्या थंड, कोरड्या एसीत यांतलं काहीच दिसत नाही.

आधी हवा. लाकूड कापून, वाळवून, पॉलिश करून झालं तरी त्याचं पाणी पिणं थांबत नाही. हवेतल्या आर्द्रतेशी ते सतत देवाणघेवाण करत राहतं. हवेची आर्द्रता २५ टक्के असेल तर तिशीच्या तापमानाला लाकडातला ओलावा हळूहळू त्याच्या वजनाच्या पाच टक्क्यांच्या आसपास येऊन थांबतो. तीच आर्द्रता ८० टक्के झाली की तो साडेपंधरापर्यंत चढतो. ओलावा वाढला की लाकूड रुंदीत फुगतं, उतरला की आकसतं. लांबीत मात्र जवळजवळ काहीच फरक पडत नाही. पाच इंच रुंदीच्या सलग ओकच्या फळीत हा पूर्ण फरक मुरला, तर तिची रुंदी साडेचार मिलिमीटरपर्यंत बदलू शकते. बारा फुटी खोलीत अशा जवळपास तीस फळ्या शेजारीशेजारी बसतात, म्हणजे जानेवारीत घट्ट बसवलेली जमीन ऑगस्टमध्ये कुठे जाईल याचा अंदाज येतो.

इंजिनिअर्ड वूड जन्माला आलं ते यावर उपाय म्हणून. वरचा थर रुंदीत फुगायला जातो, पण त्याच्या खालचा आडवा थर त्या दिशेनं लांबीचा असतो आणि लांबीत लाकूड हलत नाही, म्हणून तो वरच्याला धरून ठेवतो. सगळे थर एकमेकांचा हात असा धरून असतात. त्यामुळे हालचाल सलग लाकडापेक्षा पुष्कळ कमी होते, पण ती शून्यावर येत नाही. ‘इंजिनिअर्ड आहे, काही होत नाही’ हे दुकानातलं वाक्य अर्धंच खरं आहे. थरांमधल्या ओलाव्यात फार तफावत पडली की फळीच्या दोन्ही कडा वर येतात आणि मध्ये खोलगट होतं. फार कोरडं पडलं तर वरच्या पापुद्र्याला केसासारख्या भेगा जातात.

इथे महाराष्ट्राचा नकाशा समोर ठेवायला हवा. लाकडाला नुसता दमटपणा तितका छळत नाही, जितका त्यातला चढउतार छळतो. मुंबई, रत्नागिरी इथे हवा वर्षभर दमट असते. पावसाळ्यात आर्द्रता नव्वदीकडे जाते, पण उन्हाळ्यातही ती फार खाली येत नाही. नागपूर-अकोल्याकडे मे महिन्याच्या दुपारी ती वीस-पंचवीस टक्क्यांवर किंवा त्याहून खाली येते आणि ऑगस्टच्या सकाळी ऐंशीच्या पुढे असते. त्यात उन्हाळ्यात कूलर लागतो आणि तो खोलीत ओली हवा ओततो. दिवसा कूलर, मग बंद, संध्याकाळी पुन्हा सुरू, असं एकाच दिवसात लाकडाला दोन ऋतू भोगावे लागतात. पुणं आणि नाशिक या दोन टोकांच्या मधे कुठेतरी येतात, पण मे आणि ऑगस्ट यांतली दरी तिथेही मोठी आहे. म्हणून मुंबईत लाकूड टिकत नाही आणि विदर्भात कोरडं असल्यामुळे टिकतं, असा जो समज आहे तो मला पटत नाही. कूलरवर चालणाऱ्या घरात मी तरी लाकडी फरशी सुचवणार नाही.

लाकडाच्या जातीनंही फरक पडतो, आणि तो दुकानात कोणी सांगत नाही. ओल्या अवस्थेपासून पूर्ण कोरडा होईपर्यंत साग रुंदीत सहा टक्क्यांच्या आतच आकसतो, अमेरिकन व्हाइट ओक दहा टक्क्यांच्या आसपास. आपल्या हवेत सागाची चाल संथ आहे. फिक्या ओकची सध्या फॅशन असली तरी वरचा थर सागाचा मिळत असेल, तर आपल्याकडे तो जास्त शहाणपणाचा. जुन्या वाड्यांतही लाकूड वापरलं ते वर, तुळयांवरच्या तक्तपोशीत, माडीच्या फळ्यांत. खालच्या मजल्यावर शहाबादी फरशी किंवा सारवण. जमिनीची ओल लाकडाला लागू द्यायची नाही, हे त्या सुतारांना पक्कं माहीत होतं.

न्यू जर्सी किंवा टोरोंटोच्या नातेवाइकांचा सल्ला घेताना हेही लक्षात ठेवावं. तिथे लाकडी फरशीला त्रास होतो तो हिवाळ्यात. हीटिंग सुरू झालं की घरातली हवा कोरडी होते, फळ्यांमध्ये फटी पडतात आणि लोक ह्युमिडिफायर लावतात. आपला त्रास बरोबर उलटा आणि आपले महिने वेगळे. ‘आमच्याकडे वीस वर्षं काही झालं नाही’ हे त्यांचं म्हणणं खरं असतं, पण ते त्यांच्या हवेचं.

आता पुसणं. मराठी घरात फरशी रोज पुसली जाते, बादलीत बुडवून पिळलेल्या फडक्यानं, फिनेल टाकून. इंजिनिअर्ड वूडला ही सवय चालत नाही. त्याला कोरडा झाडू किंवा मायक्रोफायबरचा मॉप, आणि कधीतरी जेमतेम ओलसर फडकं. सांध्यांत रोज थोडंथोडं पाणी मुरलं की वर्षादीडवर्षात सांध्याच्या रेषा काळपट दिसायला लागतात. घरकाम करणाऱ्या ताईंना एकदा सांगून भागेल असंही नाही. त्या दिवसातून चार-पाच घरांच्या फरश्या एकाच पद्धतीनं पुसतात आणि आपल्या एका खोलीसाठी वेगळी पद्धत लक्षात ठेवायची असते. ती पाळली जाईल का, याचं खरं उत्तर आधी स्वतःला द्यावं. विनाइलला मात्र ओल्या फडक्याचं काहीच वाटत नाही. फक्त ‘वॉटरप्रूफ’ हा शब्द नीट समजून घ्यायला हवा. फळी पाण्यानं खराब होत नाही हे खरं, पण वॉशिंग मशीनचा पाइप निसटला तर पाणी सांध्यांतून आणि भिंतीकडच्या फटीतून खाली जातं. तिथे ऊन नाही, वारा नाही. काही दिवसांनी कुबट वास यायला लागतो आणि मग फळ्या उचलूनच वाळवावं लागतं. तशा त्या उचलता येतात, ही त्यातल्या त्यात जमेची बाजू.

विनाइलचा शत्रू उष्णता. पश्चिमेकडे मोठी काचेची खिडकी आणि गडद रंगाची फरशी असेल, तर एप्रिल-मेच्या दुपारी फळ्या चांगल्याच तापतात. प्लास्टिक तापलं की पसरतं. भिंतीशी आठ-दहा मिलिमीटरची मोकळी जागा सोडलेली असेल तर पसरणं तिथे सामावतं, नसेल तर फळ्या मधेच उचलल्या जातात. ही फट स्कर्टिंगखाली झाकली जाते, त्यामुळे बसवणारा ती सोडतो की नाही हे काम चालू असतानाच पाहावं लागतं. गॅसवरून उतरवलेली कढई, उदबत्तीची जळती टोकं, निरांजनातून उडालेली ठिणगी यांचे डाग विनाइलवर कायमचे राहतात. देवघराखाली आणि स्वयंपाकघरात टाइल किंवा कोटाच बरा, असं माझं मत आहे.

खाली काय आहे, याकडे लोक सर्वांत कमी लक्ष देतात, आणि तक्रारींचं मूळ पुष्कळदा तिथेच असतं. दोन्ही प्रकारच्या फळ्या आपल्याकडे बहुतेक वेळा जुन्या मोझॅकवर किंवा व्हिट्रिफाइड टाइल्सवर नुसत्या मांडून, खाचेत खाच अडकवून बसवल्या जातात. १९९० च्या दशकात स्वीडन आणि बेल्जियममधल्या कंपन्यांनी ही अडकवायची पद्धत रुळवली आणि खिळे-गोंदाची गरज गेली. पण ती खाच काही मिलिमीटरची असते. खालची जमीन वरखाली असेल तर प्रत्येक पावलाला सांधा वाकतो आणि एक दिवस खाच मोडते. गवंड्याकडची दोन मीटरची सरळ अ‍ॅल्युमिनियमची पट्टी जमिनीवर आडवी-उभी ठेवून बघावी. पट्टीखाली तीन मिलिमीटरपेक्षा जास्त पोकळी दिसली तर आधी जमीन सपाट करून घ्यावी. पातळ विनाइलला हे अधिक लागू, कारण पंधरा मिलिमीटरची लाकडी फळी थोडा उंचसखलपणा पोटात घेते. नाण्यानं टाइल्स वाजवून पाहाव्यात. पोकळ वाजणारी टाइल आज ना उद्या सुटणार, मग वर काहीही घाला.

तळमजल्यावर किंवा नव्या बांधकामात ओल तपासायची एक सोपी रीत आहे. दीड फूट लांबी-रुंदीचा जाड प्लास्टिकचा तुकडा जमिनीवर चारही बाजूंनी चिकटपट्टीनं बंद करून एक पूर्ण दिवस ठेवायचा. काढताना त्याच्या आतल्या बाजूला पाण्याचे थेंब दिसले किंवा खालची जागा गडद झालेली दिसली, तर जमिनीतून ओल वर येते आहे. अशा ठिकाणी लाकूड घालूच नये. नवं सिमेंटचं कोटिंग केलं असेल तर दर इंच जाडीला साधारण महिना वाळायला द्यावा. ताबा मिळाल्याबरोबर राहायला जायची घाई असते, पण ओल्या कोटिंगवर घातलेलं लाकूड पहिल्याच पावसाळ्यात उचलतं.

उंचीही मोजावी. विनाइलनं जमीन पाच-सहा मिलिमीटर वर येते, इंजिनिअर्ड वूडनं खालच्या फोमसकट पंधरा-सतरा. दारं तासावी लागतात, आणि बाथरूमचा उंबरा त्या मानानं खाली गेला तर पाणी खोलीत यायला वाट मिळते. तिथे उंबऱ्याचा दगड बदलून घेणं हा खर्च आधीच धरावा.

नुसत्या मांडलेल्या फरशीचा एक नियम असा की तिला पूर्ण खोलीभर एकत्र सरकता आलं पाहिजे. भिंतीच्या दोन्ही टोकांना कपड्यांनी भरलेली लोखंडी कपाटं ठेवली की फरशी दोन्हीकडून दाबली जाते, आणि पसरायला जागा न उरल्यामुळे मधे फुगते. भिंतीत बसवायचे वॉर्डरोब आधी करून घ्यावेत आणि फळ्या त्यांच्यापर्यंत आणून थांबवाव्यात. सुतार उलट क्रम सुचवतात, कारण सपाट जमिनीवर काम सोपं जातं. तिथे ठाम राहावं. आणि विनाइलवर रबराच्या पाठीचं पायपुसणं ठेवू नये. रबरातली रसायनं विनाइलमध्ये उतरतात आणि पायपुसण्याच्या नेमक्या आकाराचा पिवळा डाग पडतो, जो कशानंही निघत नाही. सुती किंवा काथ्याचं पायपुसणं घ्यावं.

वाळवीचा मुद्दा कोकणात आणि तळमजल्यावर गंभीर आहे. एसपीसीत तिला खायला काही नाही. इंजिनिअर्ड वूडचा वरचा साग ती टाळेल, खालचं प्लायवूड मात्र सोडेलच असं नाही.

आरोग्याचा विचार दोन्हीकडे करावा लागतो. इंजिनिअर्ड वूडच्या गोंदात फॉर्मल्डिहाइड असू शकतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं २००४ साली त्याला माणसात कर्करोग करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात घातलं. दुकानात ई-१ किंवा त्याहून कडक प्रतीचं, किंवा कॅलिफोर्नियाच्या कार्ब फेज-२ मानकाचं प्रमाणपत्र मागावं, आणि ते त्याच मालाचं आहे का हे खोक्यावरच्या क्रमांकाशी ताडून पाहावं. विनाइलचा प्रश्न थॅलेट्सचा, म्हणजे प्लास्टिक मऊ करणाऱ्या रसायनांचा. यांतली काही शरीरातल्या संप्रेरकांच्या कामात ढवळाढवळ करतात, म्हणून २०१५ मध्ये होम डेपोसारख्या अमेरिकन दुकानसाखळ्यांनी असं विनाइल विकणं थांबवायचं जाहीर केलं. कडक एसपीसीत मऊ करणारी रसायनं कमी लागतात, गुंडाळीच्या स्वस्त विनाइलमध्ये जास्त. घरात रांगतं मूल असेल तर थॅलेट नसलेला माल लेखी मागून घ्यावा. काम झाल्यावर उरलेले तुकडे बंबात किंवा शेकोटीत घालू नयेत. पीव्हीसी जळताना हायड्रोजन क्लोराइडचा घातक धूर निघतो.

आयुष्याचा हिशेब असा. विनाइल जगतं त्याच्या वरच्या पारदर्शक थराएवढं. तो ०.२ मिलिमीटरचा असेल तर राबत्या हॉलमध्ये लवकर निस्तेज होईल. घरासाठी ०.३ चालतो, शक्य असेल तर ०.५ घ्यावा. दारातली रांगोळी म्हणजे दगडाचीच पूड, ती पायानं आत येते आणि पॉलिश पेपरचं काम करते. चपला बाहेर काढायची आपली पद्धत या फरशीला फार उपकारक आहे. थर झिजून खालचा फोटो उघडा पडला की ती फळी बदलण्याशिवाय इलाज नाही, आणि काढलेली फळी आपल्याकडे बहुधा कचऱ्यातच जाते. इंजिनिअर्ड वूडचा वरचा थर तीन-चार मिलिमीटरचा असेल तर तो दोनदा तरी घासून नव्यासारखा करता येतो. बाजारात मात्र ०.६ मिलिमीटरचा पापुद्रा लावलेला मालही इंजिनिअर्ड वूड म्हणूनच विकला जातो. तो एकदाही घासता येत नाही, म्हणजे किंमत लाकडाची आणि वागणूक छापील फळीची. एवढा पातळ पापुद्रा घेण्यापेक्षा उत्तम एसपीसी घ्यावं. जाड थराच्या लाकडाला सहज दोन-तीन पट पैसे पडतात, पण तेवढे असतील आणि जागा योग्य असेल, तर त्या पैशांची किंमत पायाला रोज कळते. लाकडाचा ऊबदार, किंचित दबणारा स्पर्श आणि वर्षांबरोबर गडद होत जाणारा रंग विनाइलला नाही.

तर योग्य जागा कोणती? वरच्या मजल्यावरची झोपण्याची किंवा अभ्यासाची खोली. तिला बाथरूम लागून नसावं, किंवा असलंच तर मधे चांगला उंबरा असावा. पावसाळ्यात रात्री तिथे एसी चालत असेल तर फारच चांगलं, कारण एसी हवेतलं पाणी काढून घेतो. हॉल, मुलांची खोली, आजी-आजोबांची खोली, गॅलरीला लागून असलेली जागा यांना एसपीसी. आणि चार महिने कुलूप असणाऱ्या घरात, म्हणजे लोणावळ्याचा बंगला किंवा गुहागरकडचं गावचं घर, लाकडी फळ्या अजिबात नकोत. लोणावळ्यात वर्षाला चार हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो. बंद खिडक्यांमागे तेवढा पावसाळा काढलेल्या लाकडावर गणपतीत दार उघडताना बुरशीचा पांढरा थर दिसला तर नवल नाही. तिथे जुना कोटा घासून घेणंच उत्तम. उन्हाळ्यात त्याच्या गारव्यावर झोपण्याचं सुख दुसरी कुठलीच फरशी देत नाही.

माल घरी आला की लाकडाची खोकी त्याच खोलीत दोन-तीन दिवस आडवी पडू द्यावीत आणि बसवण्याचं काम पावसाळ्याच्या ऐन मध्यात किंवा मेच्या शेवटी न धरता दिवाळीनंतर धरावं, म्हणजे लाकूड दोन टोकांच्या मधल्या ओलाव्यावर बसतं. क्षेत्रफळापेक्षा दहा टक्के माल जास्त मागवावा, कारण कापाकापीत काही जातोच. त्यातून उरलेलं एक बंद खोकं माळ्यावर आडवं ठेवून द्यावं आणि त्यावर छटेचं नाव व बॅच क्रमांक मार्करनं लिहावा. दोन वर्षांनी एक फळी बदलायची वेळ येते तेव्हा ती छटा बाजारातून बहुधा गेलेली असते.